गाय हा विषय नाही

या जगात टिकून राहायला अंगी गुण असावे लागतात, हा आपल्याला लहानपणी करून दिलेला गैरसमज आहे. टिकायला प्रकृती लागते. ज्याला काही होत नाही तो टिकतो, जो टिकतो तो ज्येष्ठ होतो, आणि एकदा ज्येष्ठ झाला की त्याचे गुण शोधून काढायला समिती नेमता येते. निसर्गाचा हा नियम ज्या मोजक्या संस्थांनी ओळखला आहे, त्यांत आमच्या चारापीक सुधार केंद्राचा क्रमांक फार वरचा लागतो. मी या केंद्रात माहिती अधिकारी आहे. केंद्रात जे घडतं ते लोकांना कळवणं, आणि जे घडत नाही ते जरा विस्ताराने कळवणं, ही माझी जबाबदारी. प्रस्तुत मजकूरही आमच्या नव्या माहितीपत्रकासाठीच लिहिला आहे.

केंद्राचं आजवरचं सर्वांत मोठं कार्य म्हणजे लसूणघासाचा रोगप्रतिकारक वाण ‘निरामय-७’. (पहिले सहा निरामय राहिले नाहीत.) लसूणघासाचा लसणाशी काही संबंध नाही. हा जनावरांचा हिरवा चारा आहे. तीन-तीन पानांची, जांभळ्या फुलांची, गुडघ्याच्या वर येणारी झाडं. एकदा पेरलं की माणसाने कापत राहावं आणि त्याने वाढत राहावं, असा त्याचा स्वभाव. दरवर्षी कपात सोसूनही तक्रार न करणारं हे पीक आमच्या लेखा विभागाचं विशेष लाडकं आहे.

दोष म्हटला तर एकच. या पिकाला रोग फार. मर, मूळकूज, करपा, तांबेरा, केवडा. रजेच्या अर्जात माणसाला सुचणार नाहीत इतके. आज हिरवंगार दिसणारं शेत महिन्याभरात खरजेसारखं तुटक होऊन जातं. तेव्हा ज्याला यातलं काहीच होणार नाही असा लसूणघास तयार करायचा, हे काम एका व्यक्तीने अंगावर घेतलं आणि तडीस नेलं. ती व्यक्ती म्हणजे माझी सख्खी आत्या.

(मला ही नोकरी आत्यामुळे लागली असं काही सहकारी बोलतात. ते खोटं आहे. मी रीतसर लेखी परीक्षा दिली. आत्याने फक्त प्रश्नपत्रिका काढली होती, आणि तीही अवघड काढली होती.)

आत्याला केंद्रात सगळे ‘बाई’ म्हणतात, मोठे साहेबसुद्धा. मोठे साहेब म्हणजे आमचे संचालक. ते खुर्चीत बसलेले असतात तेव्हा बाई आत आल्या की त्यांचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. आत्याचा दराराच तसा. लहानपणी मला ताप आला की ती माझ्या कपाळावर हात ठेवून विचारायची, “तुला ताप आहे, ते कळलं. शाळेला कुठे ताप आहे?” आणि मी दप्तर उचलायचो. आज माझी प्रकृती उत्तम आहे.

वाण तयार करण्याची आत्याची पद्धत याच विचारातून आली आहे. आधी रोपं वाढवायची. छान चार पानं फुटली, रोप खुशीत आलं, की त्याच्या मुळाशी रोग सोडायचा. मग वाट पाहायची. जी मरतील ती मरतील. जी आजारी पडतील ती उपटायची. ज्यांना काही होणार नाही ती शेतात एकत्र लावायची, मधमाश्यांना त्यांच्यात फिरू द्यायचं, बी धरायचं, आणि त्या बियांची रोपं पुन्हा खुशीत आली की पुन्हा रोग सोडायचा. अशा पिढ्यांवर पिढ्या. गुण देण्याची पट्टी आत्याने स्वतः ठरवली होती आणि ती केंद्राच्या भिंतीवर रंगवलेली आहे:

एक : काहीही परिणाम नाही. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावे.
दोन : परिणाम किंचित, झाकता येण्याजोगा.
तीन : परिणाम उघड.
चार : गंभीर. (नातेवाइकांना कळवण्याची प्रथा झाडांत नाही.)
पाच : पान तुटलेले, कुरतडलेले वा अपूर्ण, किंवा झाड मृत. उपटून भिंतीपलीकडे टाकावे.

पान अपूर्ण का आहे, हे विचारायचं नाही, असा नियम होता. नव्या लागलेल्या एका शास्त्रज्ञाने एकदा विचारलं होतं. “एका झाडाचं कारण ऐकून घेतलं,” आत्या म्हणाली, “तर उद्या सगळीच झाडं कारणं सांगतील. आणि परवा तुम्ही सांगाल.” तो शास्त्रज्ञ पुढे बँकेत लागला.

वाचकांच्या माहितीसाठी एक तांत्रिक खुलासा. रोगप्रतिकारक म्हणजे रोग न होणारा, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही. निम्म्याहून जास्त झाडं वाचली तर वाण ‘अति-प्रतिकारक’. तिसरा हिस्सा वाचली तर ‘प्रतिकारक’. त्याहून कमी वाचली तर ‘मध्यम प्रतिकारक’. एकही वाचलं नाही तर ‘संशोधनास वाव’. ही मोजपट्टी शाळांना लावली असती तर आमच्या वर्गातला एकही मुलगा नापास झाला नसता. निरामय-७ मात्र असल्या सवलतींवर जगणारा वाण नव्हता. त्याची शंभरातली सत्त्याण्णव झाडं जिवंत राहत. उरलेली तीन मजुरांच्या पायाखाली गेलेली असत.

आणि रूप काय सांगावं! केंद्राने त्याची एकसष्ट गुणवैशिष्ट्यं नोंदवली आहेत. सगळी इथे देत नाही, पण पान गर्द हिरवं, देठ ताठ, शेंगेला अडीच वेढे, थंडीत झोपण्याची सवय मध्यम (आमच्या कर्मचाऱ्यांत ती तीव्र आहे), मुळं इतकी खोल की झाड उपटायला गेलं तर माणूसच बसतो. मावा नावाची कीड कोवळ्या शेंड्यावर येते, थोडा वेळ थांबते आणि निघून जाते. आत्या संध्याकाळी बांधावर उभी राहून त्या हिरव्या पट्ट्याकडे पाहायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते आम्हा भाच्या-पुतण्यांच्या वाट्याला कधी आलं नाही.

आता कुटुंबातली एक अडचण सांगणं भाग आहे. माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, यांना शेतीतलं काही कळत नाही. ते घड्याळं दुरुस्त करतात. पण आत्या आमच्याकडे जेवायला आली की पहिला घास घशाखाली उतरताच ते विचारत :

“काय गं, मग ते तुझं गवत गाय खाते का?”

“दादा, गाय हा माझा विषय नाही.”

“पण ते गाईसाठीच आहे ना?”

“ते लसूणघासाच्या रोगप्रतिकारासाठी आहे. तू घड्याळ दुरुस्त करतोस तेव्हा विचारतोस का, की याच्यात किती वाजलेत ते बघणारा माणूस वेळेवर जातो का?”

बाबा पुढचा घास घ्यायचे. मग आई विषय बदलायची, म्हणजे मला लग्नाबद्दल विचारायची.

बाबांचा प्रश्न अडाणीपणाचा आहे, हे मी नोकरीत शिरल्यावर मला कळलं. आमच्या केंद्रात गाय असूच शकत नाही. गाय पशुविभागाकडे असते. पशुविभाग आमच्या शेतालगतच आहे, मध्ये एक भिंत. पण ते खातं वेगळं असल्यामुळे दोघांमधला पत्रव्यवहार मुख्यालयामार्फत करावा लागतो, आणि मुख्यालय दुसऱ्या शहरात आहे. त्यामुळे चारा पिकवणारा विभाग आणि चारा खाणारा विभाग यांची इतक्या वर्षांत ओळख झालेली नव्हती. एकमेकांविषयी मनात आदर होता. ते त्यांच्या गाईंना बाहेरून आणलेली पेंड घालत, आम्ही आमचा चारा कापून जाळत असू.

भिंतीला एक खिंडार होतं. ते बुजवण्याविषयी दोन्ही विभागांचं एकमत होतं. भिंत चारा विभागाची, पण दगड पडले ते पशुविभागाच्या बाजूला. तेव्हा भिंत आमची आणि खिंडार त्यांचं, असा आमचा युक्तिवाद होता. त्यांचा नेमका उलट होता. बांधकाम खात्याने दोघांचंही म्हणणं मान्य केलं आणि खिंडार राहिलं.

तर, निरामय-७ अंतिम मान्यतेसाठी समितीपुढे जाण्याचा आणि आत्याच्या निवृत्तीचा महिना एकच आला. यात धोका होता. वाण ज्याच्या कारकिर्दीत मान्य होतो त्याचा ठरतो, असा नियम आहे. मान्यता थोडी जरी लांबली असती तर केंद्राच्या दारातल्या दगडी पाटीवर आत्याच्या जागी येणाऱ्या गृहस्थांचं नाव कोरलं गेलं असतं. आणि ते गृहस्थ लसूणघास आणि मेथी यांतला फरक चाखून ओळखत. आत्या कधी बोलली नाही, पण त्या महिन्यात ती दोनदा पाटीची जागा ओल्या फडक्याने पुसताना मला दिसली. मला तिची काळजी वाटली. आपल्या माणसाला एवढं काहीतरी हवं असलेलं पाहवत नाही.

समितीपुढे एकसष्ट गुणवैशिष्ट्यं, सतरा तक्ते आणि मुळांचे फोटो ठेवायचे होते. कशातच काही खोट नव्हती. पण माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर गाय हवी, असं मोठ्या साहेबांना वाटलं.

“नुसतं गवत छापलं तर लोकांना वाटेल मैदानाची जाहिरात आहे,” ते मला म्हणाले. “एक गाय बघा. खाताना. चेहऱ्यावर समाधान पाहिजे.”

मी मुख्यालयाला लिहिलं. मुख्यालयाने पशुविभागाला लिहिलं. पशुविभागाने आपली सर्वांत थोराड गाय मंजूर केली. तिचं नाव बारकी. (तिच्याआधी तिथे तिची आई होती, त्याआधी आजी. पशुविभागात नेमणुका घराण्यातून होतात. आमच्याकडे लेखी परीक्षा असते.) भिंतीपलीकडे ढेकूळ टाकलं तर पोचेल एवढ्या अंतरावरची ही गाय, प्रवेशपत्र घेऊन, मुख्य रस्त्याने वळसा घालून, गोठेवाल्यासह फाटकातून आत आली.

समिती मांडवात बसली होती. आत्याने ठेवणीतले कपडे घातले होते. पहिली पेंढी तिने स्वतःच्या हाताने विळ्याने कापली, आणि ती पेंढी घेऊन ती गाईपुढे अशी उभी राहिली की मला उगाच आमच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाची आठवण झाली. फोटोवाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

बारकीने पेंढी हुंगली. मग आत्याकडे पाहिलं. मग तोंड दुसरीकडे वळवलं.

“नवखी आहे,” साहेब म्हणाले. “लाजते.”

“लाजत नाही साहेब,” गोठेवाला म्हणाला. “तुम्ही सांगितलं म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलीय. आत्ता कागद दिला तरी खाईल.”

साहेबांनी हातातली कार्यक्रमपत्रिका पुढे केली. बारकीने ती खाल्ली. अध्यक्षीय समारोपासकट.

आत्याने पेंढी पुन्हा पुढे केली. आवाज खाली आणून म्हणाली, “खा गं. एक घास खा.” आत्याला कुणाची विनवणी करताना मी आजवर ऐकलं नव्हतं. ताप आलेल्या पोरालाही तिने कधी ‘एक घास खा’ म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात बारकीने मानेला झटका देऊन दोरी सोडवली आणि ती चालू लागली. बावरून इकडेतिकडे धावली नाही. जुना कर्मचारी जेवणाच्या सुट्टीत निघतो तशी, वाफ्यांमधल्या पायवाटेने, एकाही झाडाला तोंड न लावता, थेट खिंडारापाशी गेली आणि अंग चोरून पलीकडे उतरली. तिला कुठे पाय ठेवायचा ते पाठ होतं. तिच्यामागे गोठेवाला, त्याच्यामागे आत्या, आत्यामागे समिती. (समितीने खिंडार ओलांडण्याची ही पहिलीच वेळ. भत्त्याचा प्रश्न अद्याप विचाराधीन आहे.)

पलीकडे भिंतीच्या कडेने एक हिरवा ढीग होता. पाच गुण मिळालेली झाडं आम्ही वर्षानुवर्षं उपटून तिथे फेकली होती, आणि मूर्ख झाडांनी जिथे पडली तिथे मुळं धरली होती. वेडीवाकडी, कुणाच्या पानावर तांबेऱ्याचे ठिपके, कुणाचा शेंडा करपलेला. बारकी त्यांत गळ्यापर्यंत शिरली होती आणि डोळे मिटून खात होती. चेहऱ्यावर समाधान होतं. फोटोवाल्याने फोटो काढला.

आत्या गोठेवाल्याकडे वळली. मग म्हणाली, “ही रोज येते का रे आमच्याकडे?”

“बाई, संध्याकाळी सोडली की जातेच,” गोठेवाला म्हणाला. “हिची आईपण जायची. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

आत्या एका दगडावर बसली. तिला जे समजायला एक क्षण लागला, ते समितीला समजावून सांगायला तिला पुढचा तास लागला. दर पिढीला संध्याकाळी गाय यायची आणि शेतातली गोड, कोवळी, चवदार झाडं निवडून खायची. सकाळी आमचे लोक पट्टी घेऊन यायचे. खाल्लेल्या झाडाचं पान अपूर्ण, गुण पाच, उपट. गाईने हुंगून सोडलेल्या झाडाचं पान अखंड, गुण एक, पुढच्या पिढीसाठी राखून ठेव. कारण कुणी विचारायचं नाही, असा नियमच होता.

“म्हणजे मी काय केलं,” आत्या म्हणाली, “रोगाला आवडत नाही ते झाड शोधता शोधता, गाईला आवडत नाही ते झाड शोधलं.”

“दोन्ही शोधलंत, बाई,” मोठे साहेब म्हणाले. “उगाच कमीपणा घेऊ नका.”

“वाण मागे घ्या. मी पुन्हा सुरू करते.”

“कारकीर्द संपत आली, बाई. पाटीवर नाव कुणाचं लागेल माहीत आहे ना?”

आत्याने त्या हिरव्या, नीटस, निरोगी पट्ट्याकडे खिंडारातून एकदा पाहिलं. तिचे डोळे भरले होते. “कुणाचंही लावा,” ती म्हणाली. “मेथीवाल्याचं लावा. पण हा चारा नाही.”

वाण मागे घेण्याचा अर्ज तिने त्याच दिवशी दिला. समितीने त्यावर सहानुभूतीने विचार केला. पण अंतिम मान्यतेला आलेला वाण फक्त रोग आढळल्यासच मागे घेता येतो, आणि निरामय-७ ला रोग नव्हता. खाणाऱ्याला आवडत नाही, हे कारण नियमात नाही. आणि कारणं न ऐकण्याची परंपरा तर बाईंनीच घालून दिलेली. मग मोठ्या साहेबांनी असा एक मुद्दा मांडला की समिती थक्क झाली. पिकाची पानं खाऊन नुकसान करणारा सजीव म्हणजे कीड, ही व्याख्या सर्वमान्य आहे. गाय पानं खाते. या व्याख्येत पायांची संख्या दिलेली नाही. तेव्हा तक्त्यात ‘मावा’च्या खाली ‘गाय’ अशी नवी ओळ घालण्यात आली आणि निरामय-७ ला तिच्यापुढे ‘अति-प्रतिकारक’ हा शेरा मिळाला. गुणवैशिष्ट्यं बासष्ट झाली. चाऱ्याच्या वाणात असा गुण आजवर कुणालाही साधलेला नाही. टाळ्या बराच वेळ चालल्या. आत्याने वाजवल्या नाहीत. (अनुपस्थित धरण्यात आलं.)

पुढचा इतिहास तुमच्या डोळ्यांसमोर आहे. कचेऱ्यांच्या अंगणात, इस्पितळांच्या दारात, दोन रस्त्यांच्या मध्ये, चौकातल्या गोल बेटांत जे काही गर्द हिरवं, एकसारखं, तकतकीत दिसतं, ते निरामय-७ आहे. मरत नाही, सुकत नाही, कुणी खात नाही. एका पाहणीत शंभरातले चौऱ्याण्णव नागरिक त्याबद्दल समाधानी आढळले. (गाईंनाही प्रश्नावली पाठवली होती. उत्तर न आल्यामुळे त्यांना ‘समाधानी’त धरलं.) चाऱ्याचा तुटवडा आहे, पण तो हिरवळीआड असल्यामुळे दिसत नाही.

पाटी लागली. आत्याचं नाव खोल कोरलंय. ती बघायला गेली नाही. निरोप समारंभात साहेबांनी दिलेली भेटवस्तू तिने मला दिली, आणि स्वतः एक गोणपाट घेऊन खिंडारातून पलीकडे गेली. संध्याकाळी ते भरलेलं गोणपाट ओढत ती आमच्या घरी आली. जेवायला बसली. बाबांनी पहिला घास घेतला. आईने धसका घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच बाबांनी तो प्रश्न विचारला नाही. जेवण होईपर्यंत दाताखाली धरून ठेवला. मग हात धुतले आणि कुदळ शोधायला गेले.

आमच्या परसात आता पाच गुणांची झाडं आहेत. गोठेवाला संध्याकाळी बारकीला घेऊन येतो (अनधिकृत). बारकी चरते, आत्या तिच्यामागून वाकून फिरते आणि जे झाड खाल्लं गेलं त्याच्या बुडाशी काडी रोवते. ते राखायचं. ज्याला तोंड लागलं नाही ते उपटायचं. उपटण्याआधी मात्र ती त्याच्यापाशी उकिडवी बसते आणि विचारते, “काय झालं रे तुला?” मी दारात उभा राहून ते ऐकतो. परवा मला शिंका आल्या तर तिने मला घरी बसायला सांगितलं.

आता राहिलात तुम्ही. केंद्राचा कोणताही मजकूर बाहेर पाठवण्याआधी वाचकालाही हीच पट्टी लावण्याचा नियम आहे. वाचक खुशीत आला की टोचायचं, आणि वाट पाहायची. ते काम वर होऊन गेलं आहे. तुम्ही मध्ये काही ठिकाणी हसलात, त्याची नोंद घेतली आहे; पण हे सगळं दुसऱ्या कुठल्या तरी कचेरीबद्दल आहे असं धरून हसलात, त्यामुळे ते हसणं परिणामात मोडत नाही. आपल्याच टेबलावर गेल्या आठवड्यात कारण न ऐकता आपण काय काय भिंतीपलीकडे फेकलं, हे आठवून ज्या थोड्यांना कुठे चावल्यासारखं झालं असेल, त्यांना पाच गुण. त्यांनी खिंडारातून पलीकडे जावं. ते अजून बुजवलेलं नाही.

बाकी सर्वांचं केंद्रातर्फे मनःपूर्वक अभिनंदन. तुमची पानं अखंड आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही.